यशवंतरावांची साक्ष

तेलीबांध्याच्या तळ्यातली कासवं पहाटे रांगेनं काठावर येतात आणि फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांना रामराम करून परत पाण्यात जातात, असं सांगितलं तर रायपूरकर एक वेळ मान डोलावतील. पण आता जे सांगायचं आहे त्यावर कोणाच्या बापाचा विश्वास बसायचा नाही! ते असं, की यशवंतराव एकदा सलग पाऊण तास खरं बोलले. तेही चहाशिवाय.

यशवंतराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले त्याला सोळा वर्षं झाली. वय शहात्तर, दात स्वतःचे, गोष्टीही स्वतःच्याच. पार्सलनं आलेला हत्ती फलाटावर उतरायला तयार नव्हता, तेव्हा त्यांनी त्याच्या कानात दोन शब्द सांगितले आणि हत्ती पावतीवर सोंडेनं अंगठा उठवून निघून गेला, ही त्यांची एक गोष्ट. तळ्याकाठच्या बाकावर रोज सकाळी अशी एकेक निघायची आणि चारचौघे पोह्यांसोबत ती खायचे.

त्यांचा लाडका विषय मात्र त्यांची मुलगी, यामिनी. ‘‘तीन वर्षांची होती पोट्टी,’’ ते सुरू करायचे, ‘‘दुर्ग स्टेशनावर अशी आरोळी ठोकली तिनं, की सुटलेली मेल जागच्या जागी थांबली! ड्रायव्हर उतरून हात जोडून म्हणे, मॅडम, परमिशन द्या!’’ बाकावर हशा पिकायचा. घरी पाहुण्यांसमोर ही गोष्ट निघाली की यामिनी उठून आत जायची. लाजते, असं यशवंतरावांना वाटायचं.

यामिनी आता सदतीस वर्षांची. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, किती रुजले ते मोजायचं, हे काम ती पंधरा वर्षं न कंटाळता करत होती. दाण्यांशी तिचं छान जमे, माणसांशी काही जमत नसे. हळदीकुंकवाला कोणी विचारलं, ‘‘साडी कशी वाटते गं?’’ तर ही म्हणायची, ‘‘फॉल उलटा लागला आहे.’’ बायका म्हणायच्या, शिकलेली आहे ना, घमेंड आहे! ऑफिसात म्हणायचे, सर्किट आहे!

एका सोमवारी मोठे पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले. साहेबांनी ऐटीत सांगितलं, या वाणाची उगवण ब्याण्णव टक्के. मागून यामिनीचा आवाज आला, ‘‘अठ्ठ्याहत्तर.’’ संध्याकाळी तिच्या हातात उद्धटपणाचा मेमो होता.

घरी आल्यावर ती खोलीत गेली, पडदा ओढला आणि तीन दिवस एक अक्षर बोलली नाही. दाराखालून एक चिठ्ठी मात्र आली, ‘बोलता येत नाही आहे. राग नाही. खूप थकले आहे.’ यशवंतरावांनी शेजारी सांगून टाकलं, पोट्टीनं मौनव्रत धरलं आहे, हिमालयातल्या एका बाबाजीचा फोन आला होता.

चौथ्या दिवशी ती बाहेर आली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, ‘‘बाबा, मी ऑटिस्टिक असेन असं मले वाटते. वर्षभर वाचून राहिली. दोनदा तपासणीलेही जाऊन आली. आता तिसऱ्यांदा तुमाले यावं लागते.’’

‘‘अवो पण ते लहान पोट्ट्यांचं असते ना?’’

‘‘लहान पोट्टे मोठे होतात, बाबा.’’

मग यशवंतरावांनी विचारलं, ‘‘अन् मी काहून?’’

‘‘मी लहानपणी कशी होती, हे पाहिलेला माणूस लागतो. त्याच्याशिवाय तपासणाऱ्यांना नीट सांगता येत नाही. आई असती तर तिले नेलं असतं. आता तुम्हीच राहिले.’’

‘‘चांगल्या पोट्टीवर शिक्का मारून घ्यायचा? लोक काय म्हणतील?’’

‘‘लोक आत्ताही म्हणूनच राहिले. घमेंडी, तिरसट, सर्किट. मले फक्त माहीत करून घ्यायचं आहे, की मी वाईट आहे का दुसरं काही आहे. सदतीस वर्षं झाली, बाबा. मले समजत नाही अन् मी थकली.’’

हे सगळं तिनं अगदी सपाट आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाकावर यशवंतरावांनी दत्तोपंतांना गाठलं. दत्तोपंत बीरगावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. बोलणं कमी, पण बोलले तर वजनाचं. यशवंतरावांनी तक्रार मांडली, आता या वयात तपासण्या कशाला, एवढे दिवस निभलंच ना?

‘‘निभलं,’’ दत्तोपंत म्हणाले. ‘‘कोणाच्या जिवावर निभलं?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘माझ्या वर्गात एक मुलगा होता, भार्गव. गणितात माझ्यापेक्षा हुशार. पण डोळ्यांत बघून बोलायचा नाही. मी म्हणायचो, गुरुजींशी बोलताना डोळ्यांत बघ! नाही बघितलं की छडी. वर्षभर मारलं मी त्याला, यशवंतराव. तो शाळा सोडून गेला. आता माझ्या नातवाच्या शाळेत या ऑटिझमच्या गोष्टी समजावून सांगतात, ते मी मागं बसून ऐकलं आणि घरी येऊन जेवलो नाही. त्या मुलाला बघून बोलणं जमत नव्हतं, हो! आणि मी त्याला उर्मट समजलो.’’

‘‘पण आता तिले तपासणीची चिठ्ठी मिळून काय होईल? औषध आहे का त्याले?’’

‘‘औषध नसेल. पण पायात काटा आहे हे ठाऊक नसताना लंगडणारा माणूस स्वतःलाच शिव्या देत राहतो. तिला तेवढं तरी थांबवू द्या. आणि शिक्क्याचं म्हणाल, तर शिक्के आपण सगळ्यांनी कधीच मारून ठेवले आहेत. ती बिचारी खरा कोणता एवढंच विचारते आहे!’’

‘‘हव,’’ यशवंतराव पुटपुटले. त्या दिवशी पोहे तसेच राहिले.

तपासणीचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं. पूर्णिमा नावाची तरुण मानसशास्त्रज्ञ समोर बसली. इथल्याच मराठी घरातली, पण बोलणं निम्मं हिंदीत. ‘‘अंकलजी, दीदी बाहर बैठेगी. म्हणजे तुम्हाला मोकळं बोलता येईल. आरामात सांगा.’’

दार बंद झालं. यशवंतराव खुर्चीत सरसावून बसले. समोर श्रोता, हातात विषय! बापाचं मन म्हणालं, पोट्टीची इज्जत आता तुझ्या जिभेवर आहे.

‘‘पहिला शब्द कधी बोलल्या?’’

‘‘अकराव्या महिन्यात! शब्द कशाचा, अख्खा श्लोक!’’

पूर्णिमानं लिहून घेतलं.

‘‘मुलांमध्ये खेळायच्या?’’

‘‘आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोट्टीन्‌पोट्टी तिच्या दारात! हिच्याशिवाय लगोरीचा डाव मांडायचे नाहीत.’’

तेही लिहिलं.

‘‘मोठ्या आवाजाचा त्रास?’’

‘‘तिले? तिच्याच आवाजानं दुर्गला मेल थांबली होती!’’

पूर्णिमा हसली नाही. तिनं वही फिरवून वाचून दाखवलं, ‘‘बोलणं वेळेआधी. दोस्त भरपूर. आवाजाचा त्रास नाही. बरोबर ना, अंकलजी? असं असेल तर मला दुसऱ्या दिशेनं विचार करावा लागेल.’’

यशवंतरावांच्या थापा आयुष्यात हजारो लोकांनी ऐकल्या, पण एकाही माणसानं कधी लिहून घेतल्या नव्हत्या. निळ्या शाईत त्या फार थंड दिसत होत्या. त्या तीन ओळींत एक गुणी, खेळकर मुलगी होती आणि ती यामिनी नव्हती. बाहेरच्या बाकावर जी बसली होती, तिचा या कागदावर मागमूसही नव्हता. तिनं बापाकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि इथं टोकायला, हसायला, हटकायला कोणीच नव्हतं! जे म्हणतील तेच तिचं बालपण ठरणार होतं.

‘‘खोडा!’’ ते एकदम ओरडले. ‘‘खोडा ते सगळं, बेटा! एकही अक्षर खरं नाही!’’

आणि मग म्हातारा खरं बोलू लागला.

यामिनी चार वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती. बोलली तेव्हा नागपूरपासून हावड्यापर्यंतची स्टेशनं ओळीनं बोलली, पण ‘आई’ म्हणाली नाही. विमला, म्हणजे तिची आई, पदर तोंडाला लावून ती स्टेशनं ऐकत बसायची. पाऱ्यातली पोरं दारात यायची ती चिडवायला. ही पलंगाखाली जाऊन ऑफिसातून आणलेली पार्सलची रद्दी लेबलं गावांच्या क्रमानं लावायची. मानेला टोचतो म्हणून प्रत्येक झग्याचा टॅग विमला कात्रीनं कापून टाकायची.

‘‘अन् दुर्ग?’’ पूर्णिमानं हळूच विचारलं.

‘‘दुर्गला इंजिनानं शिटी दिली. पोट्टी कानावर हात ठेवून फलाटावर पडली अन् किंचाळू लागली. माणसं जमा झाली. माझे साहेब उभे होते तिथं. मले लाज वाटली. मी थप्पड मारली तिले. एवढ्याशा पोट्टीले. त्याच्यानंतर एकोणीस दिवस तिनं आवाज काढला नाही. विमला म्हणे, तिचे कान दुखून राहिले. मी म्हणे, लाड आहेत. विमलालेही थप्पड नाही सांगितली मी. मग मी गोष्ट बनवली. गोष्टीत ती ओरडते अन् गाडी थांबते. गोष्टीत मी हात उचलत नाही.’’

पूर्णिमानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाहेर यामिनी जिन्याच्या दिव्याकडे पाठ करून बसली होती. यशवंतराव मध्ये हातभर जागा ठेवून बसले, कारण अचानक जवळ आलेलं तिला चालत नाही, हे ते तिला जन्मापासून ओळखत असल्यामुळे जाणत होते.

‘‘मी खरं सांगितलं. दुर्गचंही.’’

‘‘मले आठवते ते,’’ यामिनी म्हणाली. ‘‘मले वाटायचं तुम्ही विसरले. म्हणून वेगळं सांगता.’’

‘‘विसरलो नाही, बेटा. एक दिवस नाही विसरलो. चुकलो मी.’’

यामिनीनं विचार केला. तिला घाईनं क्षमा करता येत नाही, तशी ती खोटीही करता येत नाही. थोड्या वेळानं तिनं दोन बोटं त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर ठेवली आणि लिफ्ट येईपर्यंत काढली नाहीत.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. ऑटिझम. यामिनीनं तो तीनदा वाचला, एक तारीख चुकली होती ती कळवून दुरुस्त करून घेतली आणि त्या रात्री, कित्येक वर्षांनी, गाढ झोपली. प्रयोगशाळेत तिनं पत्र दिलं, की सूचना लेखी द्याव्यात आणि टेबल जनरेटरपासून लांब असावं. साहेबांनी मेमो मागे घेतला नाही, पण टेबल हलवलं. घरात यशवंतराव आता मिक्सर सुरू करण्याआधी हाक देतात, ‘‘लावतो गं!’’ आणि ती कान झाकेपर्यंत थांबतात.

मंडळी, आपल्याही घरात, ऑफिसात, शेजारात एखादी ‘तिरसट’ असते, एखादा ‘सर्किट’ असतो. सगळेच ऑटिस्टिक असतील असं नाही. ते तपासणाऱ्यांनी ठरवावं. पण वयाच्या चाळिशीतही कोणी म्हणालं, मला तपासून घ्यायचं आहे, तर हसू नका, ‘आता कशाला’ म्हणू नका! सोबत जा. आणि साक्ष द्यायची वेळ आली तर घराण्याची अब्रू दाराबाहेर चपलांपाशी ठेवा. आपल्या माणसाला समजून घ्यायचं, तर आधी त्याच्याबद्दल खरं बोलावं लागतं!

हे सगळं यशवंतरावांनी बाकावर सांगितलं, ते यामिनीला विचारूनच. ‘‘सांगू का?’’ म्हटल्यावर ती म्हणाली होती, ‘‘सांगा. दुसऱ्या कोणाले उपयोग होईल.’’ त्या सकाळी ती त्यांची विसरलेली ब्लडप्रेशरची गोळी घेऊन तळ्यावर आली, तेव्हा गोष्ट शेवटाला आली होती. शिशिर नावाचा बँकेतला तरुण माणूस पोह्यांचा द्रोण हातात धरून, डोळे खाली घालून, फार लक्ष देऊन ऐकत होता.

यशवंतरावांना राहवलं नाही. छाती फुगवून ते म्हणाले, ‘‘अन् शेवटी त्या पूर्णिमा मॅडम उभ्या राहून मले म्हणाल्या, अंकलजी, साऱ्या हिंदुस्थानात तुमच्या यामिनीसारखी दुसरी कोणी नाही!’’

‘‘हे खोटं आहे, बाबा,’’ यामिनी सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणाली. ‘‘त्या म्हणाल्या, माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांना कोणी विचारलेलं नाही.’’