महापौरांचं झाड

"अडतीस," बाई म्हणाल्या, आणि माळीकाका एक पाऊल पुढे सरकले.

झाडांचं वय काढणाऱ्या या बाईंनी छातीच्या उंचीवर खोडात पोकळ गिरमिट घातलं होतं, पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर ओढली होती आणि भिंगातून तिच्यावरची वर्षांची वलयं मोजली होती. चाळीस भरली तर नियमाप्रमाणे झाड वाचणार होतं. नाहीतर तिथे मोटारींचा तळ होणार होता.

भर शहरातल्या त्या बागेचा इतिहास म्हणजे काय काय गेलं याची यादी. बँडचा चौथरा विजेच्या खात्याने गिळला, हिरवळीवर चौकी आली आणि कारंजं दुरुस्तीला म्हणून गेलं ते एका साहेबांच्या बंगल्यात रमलं. झाड तेवढं टिकलं, कारण त्याच्याखाली पितळी पाटी होती. पाटीप्रमाणे ते एक्केचाळीस वर्षांपूर्वी खुद्द महापौरांनी लावलं होतं.

"लावलं तेव्हा रोप केवढं होतं?" बाईंनी विचारलं.

इंजिनियरसाहेबांनी फाइलीतला फोटो पुढे केला. "महापौरांच्या खांद्याला लागतंय. म्हणजे छातीशी एक्केचाळीस वलयं हवीत. पाटीच खोटी! काका, करवतवाल्यांना बोलवा."

काका हलले नाहीत. निवृत्तीला तीन दिवस उरले होते. एक्केचाळीस वर्षं पोटात राहिलेली गोष्ट आणखी तीन दिवस सहज राहिली असती.

"काका, कान गेले का?"

"कान आहेत, साहेब. महापौरांचं रोप पंधराव्या दिवशी मेलं."

"काय?"

"मीच मारलं. नवा होतो, खत घालताना हात सैल सुटला. हेडमाळी म्हणाले, महापौरांचं झाड मरत नसतं. मग बोटाएवढं रोप लावलं आणि भोवतीच्या जाळीला गोणपाट गुंडाळलं. छातीला यायला तीन वर्षं लागली."

"तीन वर्षं कुणी आत डोकावलं नाही?"

"महापौर यायचे ना दरवर्षी. गोणपाटाला हार घालून जायचे."

बाई हसल्या नाहीत. गुडघे टेकून त्या मातीलगत गिरमिट फिरवू लागल्या.

"सरकारी झाडाची अदलाबदल!" साहेब दातओठ खात म्हणाले. "चौकशी लावतो. निरोप समारंभ विसरा."

"हार आणलाच असेल तर गोणपाटाला घाला, साहेब."

कांडी बाहेर आली. बाईंची टाचणी एकेका वलयावरून सरकू लागली. अडतीसवर ती थांबली. बाईंनी भिंग पुसलं.

"एकोणचाळीस." मग "चाळीस." आणि अगदी गाभ्याशी, "एक्केचाळीस."

फाटकापाशी थांबलेले करवतवाले आल्या पावली परत गेले. साहेबांनी पुरावा म्हणून पाटी उखडून काखेत मारली.

बाईंनी भोकं बुजवायला मेण काढलं.

"द्या इकडे," काका म्हणाले. त्यांनी मेण मऊ मळलं, दोन्ही भोकांत भरलं आणि अंगठ्याने दाबून सारखं केलं. मग हात झटकून ते नळीकडे वळले. पाण्याची वेळ झाली होती.

झाडाखाली पाटी नव्हती. मेणावर अंगठ्याचे दोन ठसे होते.