खांबांवरच्या रेघा

आमचे भाचेजावई वास्तुतज्ज्ञ आहेत. म्हणजे ते कागदावर घरं बांधतात, आणि कागदावरचं घर कधी गळत नाही. माझ्या ताईच्या, म्हणजे त्यांच्या सासूबाईंच्या, शेतघराची दुरुस्ती निघाली तेव्हा ते रजा काढून आले आणि अंगणात उभं राहून मला, तीस वर्षं रंधा मारलेल्या सुताराला, लाकूड म्हणजे काय ते सांगू लागले. मी ऐकून घेतलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कोण अडवणार?

घर दोनशे वर्षांचं. आधी लाकडी सांगाडा उभा करायचा, मग मधल्या चौकटी काटक्या आणि मातीनं भरायच्या, अशी बांधणी. खिळा औषधालाही नाही. एका लाकडाचं कुसू, म्हणजे तासून बारीक केलेलं टोक, दुसऱ्याच्या खोबणीत सरकवायचं आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. पायाची आडवी लाकडं ओलीनं कुजली होती. म्हणून सगळा सांगाडा उतरवून, जोतं हातभर उंच करून, तोच पुन्हा उभा करायचा होता. तोही थंडीच्या आत. तोवर ताई गोठ्याशेजारच्या खोलीत राहणार होती. घर उभं राहिलं नाही तर तिला लेकीकडे शहरात, चौथ्या मजल्यावर जावं लागणार होतं. "मला तिथे नेऊन कोंडू नका," असं तिनं आम्हा दोघांनाही बजावलं होतं.

उतरवायच्या आदल्या दिवशी भाचेजावई पत्र्याच्या चकत्यांची पिशवी घेऊन आले.

"मामा, प्रत्येक लाकडाला नंबर बांधायचा का?"

"कशाला? नंबर आहेत."

"कुठे?"

"ज्याला दिसतात त्याला दिसतात."

मजूर हसले. मीही हसलो. जुन्या सुतारानं प्रत्येक जोडाशेजारी, दोन्ही लाकडांवर सारख्याच, पटाशीनं रेघा मारून ठेवल्या होत्या. कुठे दोन उभ्या, कुठे तीन उभ्या आणि एक तिरकी. खांब सगळे सारखे दिसतात, पण प्रत्येक कुसू हातानं घडवलेलं असतं आणि ते आपल्याच खोबणीत बसतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस आहे, शोधू दे की. त्यांनी पिशवी गाडीत नेऊन ठेवली.

सांगाडा उतरला. पायासाठी नवं लाकूड निवडायला मी तीन दिवस वखारीत गेलो. परत आलो तर अंगणात एकशे बहात्तर लाकडं नव्या नवरीसारखी लखलखत होती. भाचेजावई घासायचं मशीन हातात घेऊन, नखशिखांत भुशानं माखून उभे होते.

"सगळी काजळी काढली, मामा. जोडांपाशी कुणीतरी ओरखडे काढले होते, तेही घालवले."

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य होतं. आवाज ऐकून ताई बाहेर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "ते ओरखडे कसले, हे तू यांना सांगितलं होतंस का?"

मी जवळचं एक लाकूड ओढलं आणि त्याचं कुसू समोरच्या खोबणीला लावून बघितलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं खांब उचलून, फिरवून, लावून बघत होतो. एकोणीस जोड जुळले. त्यातले अकरा भाचेजावयांनी जुळवले, हे सांगायला माझी जीभ अजून रेटत नाही. मग गार वारं सुटलं. ताई शाल गुंडाळून अंगणात आली.

"यातून एक खोली होईल?"

"होईल. पण जुनी कुसवं कापून नवी घडवावी लागतील. मग जुनं घर परत उभं राहायचं नाही."

"काप मग. एका खोलीत राहीन मी."

लांब करवत काढली. तिला दोन टोकांना दोन माणसं लागतात. भाचेजावई समोर येऊन बसले. ते एखादा टोमणा मारते तर मला बरं वाटलं असतं.

"फक्त आपल्याकडे ओढा," मी म्हटलं. "ढकलू नका. ढकललं की पातं वाकतं."

त्यांनी मान हलवली. पहिल्या ओढीपासून त्यांनी अगदी तसंच केलं, आणि करवत सरळ गेली.