अंगठ्याने पसरलेली सही

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. माझ्यावर टाइप केलेल्या थोड्या ओळी आहेत, तळाशी निळ्या शाईची सही आहे आणि त्या सहीवर एक मोठा डाग आहे. डागाकडे बघून नाक मुरडू नका. त्याचीच तर गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म वॉशिंग्टनमध्ये, नेब्रास्काचे सिनेटर ऑर्विल लुंडक्विस्ट यांच्या कचेरीत झाला. साहेब मूळचे नांगर विकणारे. गावोगाव नांगर विकता विकता ते मतं मागायला शिकले, आधी गव्हर्नर झाले आणि मग सिनेटवर गेले. त्यांना रोज पोतंभर पत्रं येत. उत्तरं त्यांच्या सेक्रेटरी मिस हॅव्हर्टी टाइप करत आणि साहेबांची सहीही बहुधा त्याच ठोकत. खरं तर त्यांची सही साहेबांपेक्षा सुबक होती!

माझी तऱ्हा वेगळी. ॲडा प्रुइट नावाच्या बाईंनी साहेबांना खरमरीत पत्र धाडलं होतं. "निवडणुकीत आमच्या जत्रेत येऊन माझा ॲपल पाय मागून मागून खाल्लात आणि ऑटर ओढ्यावर पूल देतो म्हणालात. खाल्लेलं पचलं, पूल कुठाय? पोरं अजून कुजक्या फळ्यांवरून शाळेत जातात."

साहेब खो खो हसले. "हिला सही मीच करतो," म्हणत त्यांनी पेन उघडलं. माझ्यावरचं 'मिसेस प्रुइट' खोडून त्यांनी हाताने 'ॲडा' लिहिलं. ओळखीच्या माणसाला पुढारी असंच लिहीत. मग सही केली आणि खाली एक ओळ लिहिली: 'सरकारचा वाटा मिळवला आहे. काउंटीने आपला वाटा उचलला की काम सुरू.' मी मनातून फुलून गेलो.

ॲडाबाई ठेवणीतली हॅट घालून मला काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, सभेत घेऊन गेल्या. अध्यक्ष होते क्लाइड स्टॉडर्ड, बाईंचे शाळासोबती. पुलाचा विषय ते दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत. त्यांनी मला दोन बोटांत उचललं.

"अगं ॲडा, असल्या सह्या तिकडे छापून ठेवतात. माझ्या कुत्र्याने पत्र टाकलं तरी त्याला एक येईल!"

सभा हसली. ॲडाबाईंचे कान लाल झाले. त्यांची मुलगी मार्जरी नुकतीच फळी मोडून ओढ्यात पडता पडता वाचली होती. आज 'नाही' झालं असतं तर आणखी एक हिवाळा तिला त्याच फळ्यांवरून जावं लागलं असतं.

"छापील काय? बघ मग!" म्हणत त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि माझ्या सहीवरून खसकन ओढला.

मित्रांनो, मी कळवळलो. माझं तेवढंच तर वैभव होतं! शाई पसरली आणि तो निळा अंगठा क्लाइडसाहेबांच्या नाकासमोर उभा राहिला.

"छापील शाई अशी लागते होय रे हाताला?"

"नाही बुवा," ते पुटपुटले. "खरी दिसतेय."

"क्लाइड, आता कुत्रा काय म्हणतो तुझा?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला, हात वर झाले आणि पूल मंजूर झाला. आता मिस हॅव्हर्टींची शाईही अशीच पसरली असती म्हणा. पण ते कुणाला सुचलं नाही, आणि मला बोलता येत नाही.

पूल झाला. मला काचेत बसवून स्वयंपाकघरात टांगलं. येणारा जाणारा कौतुक करायचा. पुढे साहेब निवडणुकीत हरले, माझ्यावर एक कॅलेंडर आलं आणि मग मी बटणांच्या खणात गेलो. साहेब वारल्यावर मात्र त्यांच्या सहीची पत्रं शौकीन लोक शोधू लागले. मार्जरीची मुलगी जॉइस मला ओमाहा शहरातल्या फेल्डकँप नावाच्या, जुन्या सह्या विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेली.

साहेबांच्या हातचा 'ॲडा' हा शब्द पाहून त्यांचे डोळे चमकले. मग त्यांना डाग दिसला.

"अरेरे! कुठल्या गाढवाचं हे काम?"

"माझ्या आजीचं."

ते खोकले. "हरकत नाही. माझ्याकडे औषध आहे, पसरलेली शाई धुऊन काढतो. मग हे कपाटातल्या सिनेटरांच्या त्या दुसऱ्या पत्रासारखं देखणं दिसेल."

मी त्या पत्राकडे पाहिलं. स्वच्छ आणि सुबक. अहो, ती तर मिस हॅव्हर्टींची सही! मला हसू आवरेना. तरी खरं सांगतो, पुन्हा देखणं व्हायचा मोह मलाही झाला.

जॉइसने आपला अंगठा हळूच त्या डागावर ठेवून पाहिला.

"नको," ती म्हणाली. "हा डाग नाही हो. आमचा पूल आहे हा."

परतताना तिने ऑटर ओढ्यावर गाडी हळू केली आणि मला खिडकीशी धरलं. समोरून शाळेची पिवळी बस आली आणि धडधडत निघून गेली. इतकी वर्षं मी कधी भिंतीवर होतो, कधी खणात. पूल मी पहिल्यांदाच पाहिला. छान आहे, मजबूत आहे.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे आणि सुखात आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा जुना कागद असेल. त्याला ऊन-ओलीपासून जपा. आणि त्यावर डाग दिसला, तर पुसण्याआधी घरच्या मोठ्यांना एवढंच विचारा, की हा अंगठा कुणाचा?