मेनूवर न आलेला सुकट टोस्ट

मी सांगणार आहे त्यातलं तुम्हाला काहीच पटणार नाही. न पटू दे. पटेल असं खरं बोलणाऱ्या माणसाचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

मित्रांनो, मी एक जुना सँडविच टोस्टर आहे. विजेचा नव्हे, हातात धरून कोळशाच्या शेगडीवर भाजायचा. दोन चौकोनी पत्रे, एक बिजागरी आणि मागे दोन लांब दांडे. मगरीसारखा जबडा उघडायचा, आत पाव ठेवायचा आणि जबडा मिटायचा, एवढंच माझं काम. सध्या माझा मुक्काम असल्फ्याच्या भंगारवाल्याकडे आहे. कालच अंधेरीहून एक विजेचा ग्रिलर माझ्या शेजारी येऊन पडला. त्याला मध्येमध्ये बोलायची खोड आहे. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म कुर्ल्याचा. माझं ॲल्युमिनियम एका विमानाच्या पंखातून आलेलं आहे.

"डेगचीच्या बुडातून," ग्रिलर म्हणाला.

पाहिलंत? असो.

मला लवूने विकत घेतलं. लवू मूळचा मालवणकडचा, राहायला विक्रोळीच्या चाळीत, आणि त्याची सँडविचची गाडी घाटकोपरला, कपड्यांच्या दुकानांच्या गल्लीत. त्या गल्लीत बरीचशी गिऱ्हाइकं जैन. कांदा नाही, बटाटा नाही. लवूने कच्च्या केळ्याची भाजी करून पाहिली, जिरं आणि हिरवी मिरची घालून, आणि ती पावात घालून माझ्या जबड्यात दिली. मित्रांनो, तो टोस्ट असा जमला की बटाट्याने गल्लीत तोंड दाखवायचं सोडलं. साड्यांच्या दुकानाचे चंद्रप्रकाश शेठ रोज सकाळी दुकान उघडण्याआधी यायचे. "लवूभाई, आपला नेहमीचा," एवढंच म्हणायचे. त्यांचं पाहून अर्धी गल्ली यायला लागली. शेठ माझ्याकडे बोट दाखवून लोकांना सांगायचे, "टोस्टर बघा. ह्याच्या पोटात कधी कांदासुद्धा गेला नाही." माझे पत्रे तेव्हा लाजेने लाल व्हायचे.

"ते कोळशाने," ग्रिलर म्हणाला.

मग समोर केतनची गाडी लागली. तिच्यावर दिवे होते, गाणी होती आणि हाच ग्रिलर होता. केतन पावात चॉकलेट घालायचा, त्यावर चीज, त्यावर गुलकंद, आणि वर अख्खं विड्याचं पान. पोरं मोबाइल वर करून त्याचं शूटिंग करायची, एक घास खायची आणि बाकीचा टोस्ट कावळ्यांना टाकायची. त्या गल्लीतल्या कावळ्यांनी पुढे उपोषण केलं. ह्यावर तरी हा ग्रिलर काही बोलणार नाही, कारण तो टोस्ट त्याच्याच पोटातून निघायचा.

ग्रिलर खरंच काही बोलला नाही.

लवूकडे खाणारी पोरं तिकडे वळली. मग पोरांचे आईबाप वळले. एक दिवस लवू घरी बायकोला, नलिनीला, म्हणाला, "नवीन आयटम काढूचो लागतलो गो. नायतर ही गाडी बसली."

त्याने अननस आणि शेव करून पाहिली. बरी होती. कारल्याचा टोस्ट केला, तो स्वतः लवूलाही गिळवला नाही. मग त्याने आईस्क्रीमचा टोस्ट केला. आईस्क्रीम माझ्या कडांतून गळलं, कोळसे विझले आणि शेगडीला अशी सर्दी झाली की ती दिवाळीपर्यंत शिंकत होती. केतन समोरून ओरडला, "लवूकाका, सोडा ना! आपल्याला जमतं ते करावं माणसाने!"

लवू हसला. मला माहीत आहे ते हसणं. तोंड तेवढं उघडतं, आत काही नसतं.

आता ऐका. लवू मला रोज संध्याकाळी घासायला घरी न्यायचा. घरी माझी जागा खिडकीत. नलिनीच्या गॅसवर मासळी असो की अंडं, मला तिकडे नेलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी नलिनीने सुकटीची चटणी केली होती. वाळवलेली बारीक कोळंबी कुरकुरीत भाजून, तिच्यात कांदा, ओलं खोबरं, मिरची आणि दोन आमसुलं. गाडीवरचा पाव उरला होता, आणि हल्ली तो रोज तसाच उरत होता. लवू भिंतीला टेकून बसला होता. नलिनी उठली, खिडकीतून मला काढलं, पावात चटणी भरली आणि मला गॅसवर धरलं.

"ह्यां काय केलंस गो!" लवू ताडकन उठला.

"ओरडू नको. खाऊन बघ आधी."

"ह्याच टोस्टरातलो पाव उद्या शेठांच्या तोंडाक लागतलो!"

"चिंच लावून घासते ना. कोणाक कळतला? तू खा रे."

लवूने खाल्लं. मित्रांनो, मी जन्मभर पाव भाजले, पण असं काही माझ्या जबड्यात आधी कधी आलं नव्हतं. बाहेर कुरकुरीत, आत आंबटतिखट, आणि खोबऱ्याचा गोडवा. त्या वासाने विक्रोळीच्या खारफुटीतले खेकडे रांग लावून चाळीच्या जिन्याशी आले. मनोरीहून होड्या निघाल्या होत्या, त्या तशाच परत फिरल्या. खेकड्यांची गोष्ट सोडून द्या हवं तर. पण लवू खाता खाता रडत होता, ते मात्र खरं आहे.

"हा विकला ना," तो म्हणाला, "तर केतन आपल्याकडे नोकरी मागूक येतलो."

"मग वीक."

"खंय विकू? त्या गल्लीत?"

नलिनी मला घेऊन मोरीवर गेली. तिने मला राख लावली, चिंच लावली, उकळत्या पाण्यात बुडवलं, परत राख लावली. माझ्या अंगाला कणभर वास राहिला नव्हता. एवढं मी शपथेवर सांगतो, आणि माझी शपथ स्वस्त असली तरी ही घ्या.

सकाळी चंद्रप्रकाश शेठ आले. "लवूभाई, आपला नेहमीचा." लवूने पाव घेतला, चटणी लावली, केळ्याची भाजी पसरली. मला उघडलं. आणि त्याचा हात थांबला.

"शेठ, आज नको."

"का? कोळसे ओले आहेत काय?"

बघा! शेठनी आयतं खोटं हातात दिलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं, संध्याकाळी नवा टोस्टर आणायचा. मी असतो तर हो म्हटलं असतं, वर कोळशाला चार शिव्या दिल्या असत्या.

"नाही शेठ. काल घरी ह्याच्यात सुकट भाजली गेली. मी घासलाय, पण तुम्हाला ह्याच्यातून देणार नाही."

शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्या आधी कधी?"

"कधीच नाही. आईशप्पत."

"सांगितलंस ते बरं केलंस, लवूभाई," शेठ म्हणाले. हळू म्हणाले, आणि गेले.

दुपारपर्यंत ते गल्लीभर झालं, पण कोणी भांडलं नाही. कोणी गाडी उलटवली नाही. तसं झालं असतं तर लवूला भांडता तरी आलं असतं. त्याने नवाकोरा टोस्टर आणला, तो गाडीवर चकाकत राहिला, आणि लोक नजर खाली घालून पलीकडून जात राहिले. शेठही जायचे. कधी कधी मान हलवून "बरा आहेस?" असं विचारायचे. जेवढा चांगुलपणा उरला होता तेवढा त्यांनी दाखवला. पण खाल्लं नाही. आधीच्या रोजच्या टोस्टबद्दल आता त्यांना शंका होती, आणि शंका चिंचेने निघत नाही.

गाडी बंद झाली. मला आणि त्या नव्या टोस्टरला एकाच गोणत्यात घालून लवूने इथे आणलं.

पण मित्रांनो, वाईट वाटून घेऊ नका! पुढे लवूने आणि नलिनीने मार्व्याच्या धक्क्यावर गाडी लावली. तिथे बोटीला येणारी माणसं सुकट टोस्टसाठी बोट सोडून देतात. गाडीवर पाटी आहे, लवूचा सत्काराचा फोटो आहे, आणि तो रोज म्हणतो की माझा जुना टोस्टर असता तर. म्हणून सांगतो, बाळांनो, जुन्या वस्तू जपा, खरं बोला, कारण खऱ्याला शेवटी...

"खोटं!"

ग्रिलर ओरडला. एवढ्या मोठ्याने की भंगारवाल्याचं मांजर उठून बसलं.

"साफ खोटं बोलतोयस. कसलं मार्वे? लवू केतनच्या अंधेरीच्या दुकानात आहे. परवापर्यंत मला तोच पुसत होता. चॉकलेट-पान टोस्ट तोच लावतो. आणि गिऱ्हाइकाने विचारलं ना, 'काका, कसा आहे हा?', तर मान वर न करता म्हणतो, 'झकास. मी स्वतः रोज खातो.'"