गौरव्वाचं जेवण

महादेवीला अर्धांगवायूचा झटका येऊन दुसरा उन्हाळा लागला होता. उजवी बाजू गेली ती गेलीच, पण त्याबरोबर जिभेवरची मराठीही गेली. राहिली ती माहेरची कानडी, तीसुद्धा तुटक. शुक्रवार पेठेतल्या त्या घरात तिचं सगळं सून करायची, सिद्धेश्वरी. अंग पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची, चादर काढायची, चादर धुवायची. त्यात पाणी यायचा दिवस असला की घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवायचं.

सिद्धेश्वरीचा नवरा मल्लिनाथ सकाळी भांड्यांच्या दुकानात जायचा तो दिवेलागणीला परतायचा. आला की आईच्या उशाशी उभा राहून "अव्वा, बरं हाय का?" एवढं विचारायचा आणि पाय धुवायला जायचा. माणूस वाईट नव्हता. घरात आपण नसताना काय काय होतं, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. नणंद सणावाराला फळं घेऊन यायची, "वहिनी, तू हायस म्हणून अव्वा हाय," म्हणायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. ते ऐकून सिद्धेश्वरीला पूर्वी बरं वाटायचं. आता काहीच वाटेनासं झालं होतं. पिठाच्या गिरणीतल्या माणसाच्या अंगावर पीठ बसावं तसा थकवा तिच्या अंगावर बसला होता. झोपून उठलं तरी तो होताच.

लेक आरोही पुण्याला नोकरीला होती. दिवाळीत आली तेव्हा तिनं आपला जुना लॅपटॉप आईसाठी घरी ठेवला आणि त्यात एक गेम घालून दिला. मूळ गेम लई मोठा असतो, हा त्यातलाच सोपा केलेला, असं तिनं समजावलं. यात गोष्ट आधीच ठरलेली असते. एक बाई दोन बॅगा घेऊन नव्या गावात मावशीकडे येते. तिला उठवायचं, खाऊ घालायचं, कामाला लावायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायला लावायचं. आता काय करायचं ते कोपऱ्यात लिहून येतं. तेवढं केलं की गोष्ट पुढं सरकते.

सिद्धेश्वरी दहावी शिकलेली; कोपऱ्यातलं इंग्रजी तिला अडखळत का होईना लागायचं. पहिल्या काही दिवसांत त्या बाईनं स्वयंपाक जाळला, एकदा तर बिचारी उपाशी राहून जमिनीवरच कोसळली. मग सिद्धेश्वरीचा हात बसला. दुपारची कामं आवरली की ती सासूच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून लॅपटॉप उघडायची. दुसरीकडे बसायची सोय नव्हती. ती नजरेआड झाली की महादेवी हाका मारायची.

मान वळवून महादेवीही बघू लागली. आधी नुसती बघायची. मग ही कोण, कुणाची, नवरा कुटं हाय, असं कानडीत विचारू लागली. त्या बाईचं इंग्रजी नाव तिच्या तोंडात बसेना, तेव्हा तिनंच नाव ठेवलं, गौरव्वा. आणि एक दिवस तिनं विचारलं, "उंडाळेनु?"

जेवली का? सिद्धेश्वरीचा हात थबकला. वाटलं, आपल्यालाच विचारतायत. पण सासूची नजर पडद्यावर होती.

"अजून न्हाय, आत्ती," ती म्हणाली, आणि तिनं गौरव्वाला जेवायला बसवलं. तेव्हा कुठं म्हातारीचा जीव शांत झाला.

मग रोजच ते होऊ लागलं. गौरव्वा शेजाऱ्याशी बोलत असो की बागेत हिंडत असो, महादेवीला एकच काळजी. सिद्धेश्वरी लग्न होऊन या घरात आली तेव्हा सगळ्यांची पानं झाल्यावर सुनेनं जेवायचं, अशी रीत होती. कितीदा तरी पातेल्यात काही उरायचं नाही. शेंगाचटणी आणि गार भाकरी घेऊन ती चुलीपाशी बसायची. महादेवीनं तिला कधी मारलं नाही, कधी वाईट शब्द बोलली नाही. फक्त विचारलं नाही. तिलाही तिच्या सासूनं कुठं विचारलं होतं!

चैत्र सरत आला होता. पत्र्यावरनं ऊन घरात उतरत होतं. त्या दिवशी चादर दोनदा बदलावी लागली, नळाला पाणी आलं तेही बारीक धारेनं. सकाळच्या चहावर दुपार कलली होती. लॅपटॉपवर गौरव्वाचं लग्न जमत आलं होतं. सगळ्यांना बोलवा, असं कोपऱ्यात लिहून आलं होतं. महादेवीला लग्नाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं विचारलं, "उंडाळेनु?" म्हातारीनं पुन्हा विचारलं.

सिद्धेश्वरीनं हात मांडीवर ठेवले. आवाज न चढवता ती म्हणाली, "आत्ती, ती जेवली. दोनदा जेवली. मी जेवले न्हाय. लग्न होऊन आले तवापासनं तुमी मला हे कधी इचारलं न्हाय."

बोलून झालं आणि तिची तिलाच भीती वाटली. महादेवीनं तोंड भिंतीकडे वळवलं. उठता न येणाऱ्या माणसाला आपण बोललो, हे सिद्धेश्वरीच्या जिवाला लागलं. ती आत जाऊन पाणी प्यायली. तेव्हाही जेवली नाहीच.

संध्याकाळी मल्लिनाथ आला, उशाशी उभा राहिला, नेहमीचं विचारलं. महादेवीनं डाव्या हातानं त्याची बाही धरली. तुटक कानडीत म्हणाली, ती जेवली नाही. तू बस.

त्याला वाटलं, आई गेममधल्या बाईबद्दल बोलतेय. हसून तो म्हणाला, "गौरव्वा व्हय?"

म्हातारीनं नाही म्हणून मान हलवली. "सिद्धी," ती म्हणाली. बाही काही सोडली नाही.

तो बसला. पेजेची वाटी हातात घेतली. पहिला चमचा हनुवटीवर, दुसरा छातीवर सांडला. चमचा डाव्या बाजूनं घालावा लागतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. आत सिद्धेश्वरीनं तव्यावरची पहिली भाकरी ताटात घेतली. वाफ निघत असतानाच डाळीबरोबर खाल्ली. दुसरीही खाल्ली. मग तिथंच भिंतीला टेकून तिला झोप लागली, हातही धुवायचा राहिला. तवा धुरकटला तेव्हा मल्लिनाथनंच येऊन गॅस बंद केला.

त्यानंतर तो काही बदलून निराळा माणूस झाला नाही. संध्याकाळची पेज मात्र त्याच्याकडे आली, आणि दुकान बंद असेल त्या दिवशी चादरही. बहिणीला त्यानं स्वतः फोन करून आठ दिवसांसाठी बोलावलं. ती चार दिवस राहिली. महादेवी एखाद्या दिवशी सुनेला विचारायची, एखाद्या दिवशी विसरून नुसत्या गौरव्वाचंच विचारायची. सिद्धेश्वरी दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची.

आषाढात आरोही आली. बाप आजीच्या गळ्याशी फडकं लावून बसलेला पाहून ती दारातच थांबली. आईला बाजूला घेऊन तिनं विचारलं, तू काय केलंस?

"बोलले," सिद्धेश्वरी म्हणाली. "लई उशिरा बोलले."

मग ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. पाय जड होते, कंबर ठणकत होती, झोप लगेच येणार नव्हती. बाहेर मल्लिनाथ आईला काहीतरी विचारत होता. काय ते ऐकायला ती उठली नाही.