आलेखनाथांची चढती रेघ

कापडे गावच्या वरच्या वाडीत त्या गुरुवारी देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. तिथं टांगलेल्या मोठ्या पडद्यावर आलेखनाथ महाराजांची वेबसाइट झळकत होती, तिच्यावर एक निळी रेघ आणि खाली शब्द : ‘दर मिनिटाच्या भेटी’. महाराजांनी शंख फुंकला. मोबाईलवर हेच पान उघडा, बोटानं खाली ओढत राहा, हाच चरणस्पर्श, असं त्यांनी भक्तांना सांगितलं. शे-दीडशे अंगठे चालू झाले आणि रेघ सरसर चढली.

“रेघ चढते, पीडा उतरते,” महाराज म्हणाले. एवढ्या भेटी देतं कोण? तर म्हणे, तेहतीस कोटी देव. देवांनाही रेंज इथंच मिळत असावी.

गर्दीत उभ्या अमिताला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. तिला लहानपणापासून फीट यायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती थांबली, म्हणून तर पोरगी महाडच्या एमआयडीसीत कामाला जाऊ लागली होती. महाराजांनी तिच्या आईला, सगुणाबाईला, बजावलं की रेघ कळसाला पोचेपर्यंत गोळ्या बंद, औषधानं देव बाटतो. आईनं गोळ्या दडवल्या. परवा सकाळी अमिताच्या हाताला फीट येण्याआधीचा तो जुना झटका बसला, कप उडाला आणि तिची पाचावर धारण बसली.

कामावरून येताना बसमध्ये तिनं ते पान उघडून पाहिलं होतं. एकदा ओढलं, एक भेट वाढली. पुन्हा ओढलं, पुन्हा एक. तिला काय समजायचं ते समजलं. पण महाराजांना तोंडावर खोटं म्हणावं तर अख्खी वाडी अंगावर येणार. म्हणून ती हात जोडून उभी राहिली.

“महाराज, देवापुढं आपण चपला काढतो, दोन्ही हात जोडतो. मग हातात मोबाईल कशाला? ते टोपलीत ठेवू, नि तुम्ही मंत्र म्हणा.”

म्हातारी ठकूबाई म्हणाली, पोर बरोबर बोलते, मलाबी ह्ये खटकत व्हतं. आता महाराज नाही कसं म्हणणार? भाताची टोपली फिरली, मोबाईल आत पडले. महाराजांनी गाल फुगेपर्यंत शंख फुंकला, मंत्र म्हणून म्हणून घसा बसवून घेतला. रेघ जी खाली लोळली ती उठेना. देव रुसला, म्हणाले.

अमितानं फक्त आपला मोबाईल उचलला आणि पान ओढत मोठ्यानं मंत्र म्हटला : “सुकट, बोंबील, कोलीम.” रेघ उठली आणि चढली की! पोरं फिदीफिदी हसली. पान खाली ओढलं की ते नव्यानं उघडतं, आणि उघडलं की एक भेट मोजायची, एवढंच त्या यंत्राला कळतं. आला तो देव होता की आपलाच अंगठा, हे त्याला कुठून कळणार? आणि आकडे थोडे असले की आलेखाचं माप आपोआप लहान होतं, दहा भेटींचाही पडदाभर डोंगर दिसतो.

महाराज शंख पिशवीत कोंबू लागले. पण सगुणाबाई जागची हलेना.

“खोटा असंल त्यो. पन देव कोपला तं, गो?”

“आई, मला फीट आली तर रेघ नाय येणार धरायला. तूच येशील.”

सगुणाबाई रडली. मग तिनं कमरेच्या बटव्यातून गोळ्यांची पट्टी काढली, पाणी मागवलं आणि सगळ्यांदेखत लेकीला गोळी दिली.

तर मंडळी, पडद्यावर रेघ चढताना दिसली की हात जोडण्याआधी एवढं विचारा, ही मोजते तरी काय? आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध थांबवायचं का, हे फक्त डॉक्टरांना विचारा.