ड्रमवरचा शब्द, चिठ्ठीवरचा शब्द

दगड दळून त्यातलं तांबं वेगळं काढणाऱ्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळत होती. सगळे तिला स्टोअरबाई म्हणत. नवराही रागावला की तेच म्हणायचा.

त्या वर्षी तिच्या दोन्ही पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळसर चट्टे उठले. दुखत नव्हते, खाजत नव्हते, नुसते बसून होते. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, रक्त तपासून घ्या म्हणाले आणि चिठ्ठीवर आजाराचं नाव खरडून दिलं.

बाहेर बाकावर बसून तिनं ते अक्षर अक्षर लावत वाचलं आणि सुरुवातीची पाच अक्षरं पुन्हा एकदा लावून पाहिली. झँथेलाझ्मा. एक्स, ए, एन, टी, एच. स्टोअरच्या मागच्या खोलीतल्या ड्रमांवरही हीच पाच अक्षरं होती: झँथेट. दळलेल्या दगडातले तांब्याचे कण फेसाबरोबर वर यावेत म्हणून ते टाकीत टाकत. झाकण उघडलं की सडक्या कोबीसारखा वास यायचा.

"अंगात भिनलंय ते माझ्या," घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा गाड्यांच्या सीटा शिवायचा. मशीन थांबवून त्यानं तिच्या पापण्या नीट पाहिल्या. "मग सोड नोकरी."

"सोडायची तर सोडीन. पण आधी कळू तर दे. उगाच डोक्यात राख घालून काय होणार?"

रक्ताचं ती साफ विसरून गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठी घेऊन ती थेट कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. तिथल्या मॅडम तिच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

"हातमोजे घालता ना?" मॅडमनी विचारलं.

"घालते. मास्कही लावते, नाहीतर वासानं डोकं उठतं."

"मग नेमकं पापण्यांवरच, तेही दोन्हीकडे सारखं, कसं भिनेल?"

"ते मला काय ठाऊक? पण नाव एकच कसं?"

मॅडमनी चिठ्ठी हातात घेऊन नाव वाचलं. त्यांनी कपाटातून दोन जाड कोश काढले, एक रसायनांचा, एक औषधांचा. एक्सची पानं अगदी शेवटी आणि जेमतेम तीन-चार. दोघी उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. झँथोफिल, पानांमधला पिवळा रंग. झँथीन, शरीरात तयार होणारा पदार्थ. त्यावर आम्ल घालून आटवलं की पिवळा डाग उरतो.

"बाई, हे सगळे पिवळेच निघाले," मॅडम म्हणाल्या. "ग्रीकमध्ये झँथोस म्हणजे पिवळा. आणि तुमचं हे झँथेलाझ्मा म्हणजे पिवळा, ठोकलेला पत्रा."

"पत्रा? पापणीवर?" स्टोअरबाईला हसू आलं. मग ती थबकली. "पण ड्रममधलं कुठे पिवळं असतं? नवा ड्रम उघडला की जवळजवळ पांढरं दिसतं. जुनं झाल्यावर पिवळं पडतं."

 इथल्या चार वर्षांत हे मॅडमच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी कोश पुन्हा उघडला, एक ओळ वाचली आणि काचेच्या नळीत मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, निळं पाणी ओतलं. त्यात झँथेटच्या पाण्याचे थेंब सोडले. निळ्या पाण्यात आधी तपकिरी गढूळ ढग झाला आणि बघता बघता त्याचा पिवळाधमक गाळ खाली बसू लागला.

"ज्यानं हे पहिल्यांदा पाहिलं, त्यानं त्यावरून नाव ठेवलं," मॅडम म्हणाल्या.

स्टोअरबाईनं नळी उजेडात धरून फिरवली. एकोणीस वर्षं ज्याची राखण केली, ते काय करतं हे ती आज पाहत होती. "म्हणजे ह्याचा आणि माझा संबंध नुसता रंगाचा. डॉक्टरांनी मला पिवळा चट्टा आहे एवढंच सांगितलं. ते तर मीच त्यांना सांगितलं होतं."

"पण तो आला कुठून, ते राहिलंच. रक्त तपासलंत?"

स्टोअरबाईनं जीभ चावली.

रक्तात कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं निघालं; पापण्यांवर साचली होती ती तीच चरबी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला असे चट्टे आहेत?"

ती नाही म्हणणार होती, तेवढ्यात तिला मोठी बहीण आठवली. ताईच्या पापण्यांवर पंचविशीपासूनच सोनेरी झाक होती. घरात सगळे तिचं कौतुक करत, आणि धाकटीला तेव्हा त्याचा हेवाही वाटे. तिनं तिथूनच फोन लावला.

"अगं, ह्याच डोळ्यांवर माझं लग्न जमलं," ताई हसत म्हणाली. "आणि तू त्याला आजार म्हणतेस?"

"ताई, मी उद्या येते. तपासून घेऊ, मग हस हवं तेवढं."

ताईचं कोलेस्टेरॉल धाकटीच्या दुप्पट निघालं. जिना चढताना छातीत भरून येतं, हेही तिनं तेव्हाच पहिल्यांदा कबूल केलं. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं तर एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली. आठवड्याभरात त्यांनी ती मोकळी केली.

दवाखान्यातून घरी आल्यावर ताई आरशासमोर बसली. "डॉक्टर म्हणाले, हे चट्टे काढता येतात," ती म्हणाली.

"मग काढणार?"

"बघू," ताई म्हणाली. "तू आधी ते पत्र्याचं ग्रीक काय होतं, ते पुन्हा सांग."